दोन हात रंगाचे

मराठी भाषेतल्या 'काढणे' या क्रियापदाने मला आयुष्यभर छळलं आहे. मी बँकेत कारकून. आमच्याकडे 'काढणे' म्हणजे बाहेर घेणे. पैसे काढले की शिल्लक कमी होते, याबद्दल सहसा कुणाचं दुमत नसतं. असलंच तर ते पासबुक हातात घेऊन खिडकीशी भांडायला आलेल्या खातेदाराचं. पण बँकेच्या बाहेर पाऊल टाकलं की हा शब्द ताळ सोडतो. कर्ज काढलं की पैसे खिशात येतात. दात काढला की जातो, आणि 'दात काढले' म्हटलं की नुसतं हसलेले असतो. आणि घराला 'रंग काढायचा' म्हणजे असलेला रंग काढून टाकायचा नसतो, नसलेला लावायचा असतो. परप्रांतातून बदलून आलेल्या एका साहेबांना मी 'घराला रंग काढायचाय, चार दिवस रजा हवी' असं सांगितलं, तेव्हा त्यांनी 'क्यों, अच्छा नहीं लगा?' असं सहानुभूतीनं विचारलं होतं.

आता घराला रंग काढून झाल्यावर माझी खात्री पटली आहे, की ज्यानं कुणी हा शब्दप्रयोग रूढ केला तो संसारी माणूस असला पाहिजे. भिंतीवर रंग काढायचा, त्यासाठी खात्यातून पैसे काढायचे, आठ दिवस एकमेकांची उणीदुणी काढायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून माझी अक्कल काढायची, हे सगळं एकाच क्रियापदात बसवणं सोपं नाही.

आमचा फ्लॅट पुण्यातला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९८४ साली घेतलेला. कार्पेट एरिया पाचशे ऐंशी चौरस फूट. त्याला शेवटचा रंग लागला तो माझ्या लग्नात, २००८ साली. गुलाबी डिस्टेंपर. खरं म्हणजे बदामी सांगितला होता, पण लग्नघाईत गुलाबी आला आणि 'शुभकार्याला चालतो' म्हणून लागला. त्यानंतर 'रंग काढायला हवा' हा ठराव आमच्या घरात दरवर्षी गणपतीच्या सुमारास मांडला जायचा आणि दसऱ्याच्या आत तहकूब व्हायचा. २०१६ साली मात्र अगदी नक्की ठरलं होतं. दिवाळी होऊ दे, नोव्हेंबरात काढू. ८ नोव्हेंबरला रात्री आठ वाजता नोटा बंद झाल्या, आणि पुढचे दोन महिने मी घर पाहिलं ते फक्त झोपण्यापुरतं. त्या काळात दिवसभर डोळ्यांसमोर एकच रंग असायचा, नव्या दोन हजारच्या नोटेचा. घरी आलो की भिंतींचा गुलाबी बघून पुन्हा काउंटरवरच बसल्यासारखं वाटायचं. ती नोट २०२३ साली चलनातून मागे घेतली. आमच्या भिंतींचा गुलाबी मात्र चलनात राहिला.

मधे २०१९ साली अण्णा गेले. त्या वर्षी रंगाचा विषय कुणी काढला नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि सगळं जग घरात बसून आपापल्या भिंतींकडे बघत राहिलं. भिंतीवरच्या पोपड्यांचे आकार मला तेव्हाच पाठ झाले. हॉलमधल्या पंख्याच्या वर श्रीलंका होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओलीमुळे एक मोठं खंड तयार होत होतं आणि दर पावसाळ्यात ते आजूबाजूचा मुलूख खालसा करत होतं.

अखेर निर्णय झाला तो एका पोपड्यामुळेच. आमचे शाखाधिकारी प्रथमच घरी आले होते. सौ.ने पोहे केले होते. पंख्यानं श्रीलंकेचा एक तुकडा सुटला आणि गिरक्या घेत थेट साहेबांच्या बशीत उतरला. मी बघितलं, सौ.ने बघितलं. साहेबांनी बघितलं नाही. त्यांनी तो खाल्ला आणि म्हणाले, ''खोबरं छान आहे हं, कोकणातलं का?'' सौ. म्हणाली, ''घरचंच.'' साहेब खाली उतरून गाडीत बसेपर्यंत ती हसतमुख होती. नंतर दार लावून तिनं माझ्याकडे असं काही बघितलं, की मी दुसऱ्याच दिवशी रंगाऱ्याच्या शोधात निघालो.

खरं सांगायचं तर आमच्या लहानपणी हा शोध करावा लागत नसे, कारण रंगारी घरातच होता. अण्णा पाटबंधारे खात्यात होते. धरणं बांधणाऱ्या खात्यातल्या माणसाला भिंत रंगवायला दुसरा माणूस लावणं कमीपणाचं वाटत असावं. नवरात्र जवळ आलं, की ते कळीचा चुना आणून पत्र्याच्या पिंपात टाकायचे आणि वरून पाणी ओतायचे. पिंपाच्या आत रटरट सुरू व्हायची, वाफा निघायच्या. खाली जाळ नाही आणि पाणी उकळतंय, हा चमत्कार बघायला बिल्डिंगमधली सगळी पोरं जमायची आणि अण्णा हातात काठी घेऊन आम्हांला दहा पावलं लांब उभं करायचे. डोळ्यात उडाला तर डोळा जाईल. दुसऱ्या दिवशी निवलेला चुना जुन्या धोतरातून गाळायचा, त्यात भिजवलेला डिंक घालायचा, आणि शेवटी निळेची पुरचुंडी फिरवायची. ही निळेची मात्रा फक्त अण्णांना जमत असे. जरा कमी पडली तर भिंत पिवळट, जरा जास्त झाली तर घराला सर्दी झाल्यासारखं दिसायचं.

चुन्याचा पहिला हात मारला की काहीच दिसत नाही. भिंत नुसती ओली, मळकट. मी रडकुंडीला यायचो, ''अण्णा, पांढरं होत नाहीये!'' ते म्हणायचे, ''वाळू दे. चुना हवा खातो, मग उजळतो.'' हे मला वर्षानुवर्षं थापेसारखं वाटायचं. पुढे कळलं ते शब्दशः खरं आहे. चुनखडीचा दगड भाजून चुना होतो. तो भिंतीवर गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. म्हणजे दगडाचं मुद्दल अखेर दगडाकडे परत येतं. अशी वसुली आमच्या एकाही शाखेला जमलेली नाही.

चुना गेला, डिस्टेंपर आलं. डिस्टेंपरच्या भिंतीला टेकून उभं राहिलं की पाठीवर भिंतीचा रंग उतरायचा. आमच्या शाळेत कोणत्या मुलाचं घर कोणत्या रंगाचं आहे हे सदऱ्यावरून सांगता येत असे. रंगाच्या दुकानात तेव्हा हातात डबा आणि ब्रश घेतलेला, कपाळावर केस आलेला खट्याळ गट्टू असायचा. आर. के. लक्ष्मण यांनी तो १९५४ साली एशियन पेंट्ससाठी काढला. त्याच्या डब्यातून रंग ओघळत असायचा, पण त्याच्या चेहऱ्यावर त्याची काडीचीही काळजी नसायची. लहानपणी मला तो फार आवडायचा. आता रंगाचे भाव कळल्यापासून तो ओघळ बघवत नाही.

तर रंगारी मिळाले. वय साठीचं, डोक्याला रुमाल, मूळ गाव सोलापूरकडचं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. ते आले, चप्पल काढून आत शिरले आणि डॉक्टर छाती ठोकून बघतात तशी एकेक भिंत बोटांनी ठोकून बघू लागले. आम्ही नातेवाइकांसारखे मागे उभे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात त्यांनी हात टेकवला, बराच वेळ ठेवला आणि मान हलवली.

''पाऊस उलटून महिना झाल्याशिवाय ब्रश लावणार नाही,'' ते म्हणाले.

सौ.ला दसऱ्याच्या आत घर चकाचक हवं होतं. ती म्हणाली, ''वरून चांगला जाड हात मारा ना, ओल दबून जाईल.''

''दबत नसती ताई,'' मिस्त्री शांतपणे म्हणाले. ''भिंतीच्या पोटात पाणी असलं तर ते रंगाला ढकलून भायेर येतं. त्येचेच हे पोपडे. भिंतीच्या पोटात जे हाय ते आज ना उद्या भायेर येणारच.''

मग त्यांनी मापं घेतली आणि दोन हजार तीस चौरस फुटांचा हिशेब सांगितला. मी ताडकन उठलो. ''मिस्त्री, आमचं सगळं घर पाचशे ऐंशी फुटांचं आहे!'' त्यावर त्यांनी समजावलं, की पाचशे ऐंशी ही जमीन झाली, रंग भिंतींना आणि छताला लागतो, आणि दारं-खिडक्या वजा जाता तो साधारण जमिनीच्या साडेतीन पट धरतात. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. पाचशे ऐंशी गुणिले साडेतीन, बरोब्बर दोन हजार तीस. चाळीस वर्षं ज्या घराला आम्ही लहान लहान म्हणून नावं ठेवत होतो, ते प्रत्यक्षात दोन हजार फुटांचं होतं. फक्त ते उभं होतं.

अंदाजपत्रक आलं. त्यात दहा बाबी. खराब भाग खरवडणे, लांबी भरणे, घासणे, प्रायमर, रंग दोन हात वगैरे. दोन हातांना लिटरमागे साठ-सत्तर फूट धरले तर तीसएक लिटर रंग. मी लाल पेन काढलं. बावीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलोय, की कुठल्याही अंदाजपत्रकातली शेवटची बाब ही काटण्यासाठीच लिहिलेली असते. शेवटची बाब होती, 'मागल्या खोलीत एका भिंतीला सोड्यानं धुणे व ऑइल प्रायमर.' मागली खोली म्हणजे आईची. ती भिंत ठणठणीत होती. पोपडा नाही, ओल नाही. मी तिचं खरवडणंही काटलं आणि धुणंही काटलं. मिस्त्री काहीतरी बोलणार होते, पण मी आकड्याखाली दोन रेघा ओढून सही केली. आमच्याकडे दोन रेघांनंतर कुणी बोलत नाही.

मग रंग निवडायचा प्रसंग. हा प्रसंग गंभीर आहे. मला मुळात तीनच रंग ओळखता येतात, लाल शाई, निळी शाई आणि तपासनीसाची हिरवी शाई. आणि दुकानदारानं पुढ्यात ठेवलेल्या कार्डात नुसत्या पांढऱ्याचेच तीस-चाळीस प्रकार. सौ. मात्र त्या कार्डात अशी शिरली, जशी ती साड्यांच्या दुकानात शिरते. ''हा अबोली. हा जरा अंजिरीकडे जातो. हा चिंतामणी म्हणतोय, पण चिंतामणी नाही हं हा, मोरपंखीत चुना पडलाय.'' कन्या दहावीला. तिला हॉलची एकच भिंत वेगळ्या रंगाची हवी होती, कारण तिच्या सगळ्या मैत्रिणींकडे एक भिंत वेगळी आहे. मी म्हटलं, आपल्याकडेही एक वेगळी आहे, ओलीची. हे कुणाला आवडलं नाही. चिरंजिवांना क्रिकेट संघाचा निळा हवा होता, छतासकट.

हॉलसाठी शेवटी श्रीखंडी ठरला. दुकानदारानं पांढऱ्या रंगाच्या डब्यात यंत्रानं मोजून रंगाचे थेंब टाकले, झाकण ठोकलं आणि डबा दुसऱ्या यंत्रात घालून असा काही घुसळला, की आत श्रीखंडाऐवजी लोणी येईल असं वाटलं. मिस्त्रींनी भिंतीवर हातभर नमुना मारला. सकाळी तो श्रीखंडी दिसला, दुपारी आम्रखंडी आणि संध्याकाळी ट्यूब लावल्यावर पिठल्यासारखा. कार्डावरच्या तुकड्यापेक्षा तो एकदम गडद वाटत होता. ''चार भिंती एकमेकींवर रंग फेकत्यात,'' मिस्त्री म्हणाले. ''म्हणून कार्डात आवडला त्याच्यापेक्षा एक पायरी फिका घ्यावा.'' हे त्यांनी दहा लिटरचा डबा घुसळून झाल्यावर सांगितलं.

आईला विचारलं, ''तुझ्या खोलीला कुठला?'' ती कार्डाकडे न बघताच म्हणाली, ''पांढरा. पण निळीतला.'' दुकानदाराला 'निळीतला पांढरा' समजेना. अखेर सौ.ने बोट ठेवून दाखवला. आई एकदा बघून म्हणाली, ''हां. असाच करायचे हे.''

नोव्हेंबरच्या मध्यावर काम सुरू झालं. त्या दिवसांचं वर्णन मी थोडक्यात करतो, कारण ज्यांच्याकडे रंग निघाला आहे त्यांना ते वाचवणार नाही आणि ज्यांच्याकडे निघायचा आहे त्यांनी धीर सोडू नये. सगळं घर एका खोलीत आलं. देव फ्रिजवर गेले. फ्रिज हॉलच्या मधोमध उभा राहिला, त्यामुळे दूध काढायला गेलेला माणूस आपोआप नमस्कार करू लागला. कपाटामागे मला २०११ साली हरवलेली स्कूटरची किल्ली सापडली. स्कूटर २०१४ साली विकली होती. लांबी वाळल्यावर मिस्त्रींच्या पोरांनी काचकागदानं ती घासायला घेतली, तेव्हा घरात जो पांढरा धुरळा उठला, त्यानं आम्हां सर्वांना एका दुपारीत वीस वर्षांनी म्हातारं केलं. दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेलो तर एक नेहमीचे आजोबा खिडकीतून माझ्याकडे बघून हळहळले, ''साहेब, तुमचंही आता पेन्शनीला आलं वाटतं!'' माझ्या भुवया पुसायच्या राहिल्या होत्या.

पाचव्या दिवशी आईची खोली रिकामी करायला घेतली. तिथं भिंतीलगत अण्णांची लोखंडी कॉट होती. निवृत्तीनंतर ते सकाळ-संध्याकाळ त्या कॉटवर बसत, पाठ भिंतीला, पेपर पुढ्यात. डोक्याला रोज खोबरेल तेल. कॉट ओढली आणि भिंतीवर, माणूस बसल्यावर जिथं डोकं टेकेल नेमकं त्या उंचीवर, ताटलीएवढा तेलकट डाग. तो आधी दिसला नव्हता असं नाही. रोज दिसत होता. पण कॉट असताना तो डाग नव्हता, ती अण्णांची जागा होती. कॉट काढल्यावर तो डाग झाला.

सौ. दारातच थांबली. मला काय बोलावं सुचेना. मिस्त्रींची पोरंही ब्रश हातात घेऊन उगाच उभी राहिली. मी हळूच म्हटलं, ''आई, तुला वाटत असेल तर एवढा भाग तसाच ठेवायला सांगू का? वरून फोटो लावता येईल.''

आईनं माझ्याकडे, आमच्या कॅशियरला फाटकी नोट दिल्यावर तो बघतो, तसं बघितलं.

''ठेवायचाय कशाला?'' ती म्हणाली. ''पस्तीस वर्षं सांगत होते, डोकं टेकू नका भिंतीला. चुना होता तेव्हा टेकलं, डिस्टेंपर होतं तेव्हा टेकलं. तुझ्या लग्नातला नवा रंग आठ दिवस टिकला नाही. मागं उशी ठेवा म्हटलं तर म्हणायचे, उशीनं मान दुखते. पुसून टाक म्हणावं एकदाचा.'' आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. तिथं त्या दिवशी गॅस, ओटा, भांडी काहीच जागेवर नव्हतं, पण ती बराच वेळ तिथंच होती.

मिस्त्री डागावर बोट फिरवून म्हणाले, ''साहेब, ह्येच्यासाठीच लिहिलं होतं शेवटी. तेल भिंतीत मुरलंय. सोड्यानं धुवायचं, वरून ऑइल प्रायमर. पाण्याचा रंग तेलावर धरत न्हाई. तुम्ही काटलंत.''

एका भिंतीचा खर्च तो किती! पण माझ्या दोन रेघांचा प्रश्न होता. शिवाय तेव्हा त्या डागाशी सोडा आणि काचकागद घेऊन झटणं मला बघवलं नसतं, हेही खरं. मी म्हटलं, ''असू दे. नुसते दोन हात मारा.''

पहिल्या हातात डाग अंधूक झाला. दुसऱ्या हातात गेला. भिंत कोरी झाली, निळसर पांढरी, नवरात्रातल्या घरासारखी. संध्याकाळी सगळे बघून गेले, 'छान' म्हणून गेले. आई दारात उभी राहिली आणि म्हणाली, ''मोठी वाटते खोली.'' एवढंच. त्या रात्री मी पाणी प्यायला उठलो तर तिच्या खोलीत दिवा होता. ती कॉटवर बसली होती, तोंड भिंतीकडे करून.

नऊ दिवसांत काम संपलं. मी हिशेब मिटवला, मिस्त्रींना पाकीट दिलं, सौ.ने त्यांच्या पोरांना लाडू दिले. मी एका वहीत सगळा खर्च मांडला आणि तो अंदाजापेक्षा जेमतेम सहा टक्के जास्त निघाला म्हणून दोन दिवस घरात मान वर करून हिंडलो. घर खरोखर सुरेख दिसत होतं. मी साहेबांना पुन्हा पोह्यांना बोलावलं. ते म्हणाले, ''घर मस्तच झालंय. पण या वेळी खोबरं कमी आहे.''

पंधरा-वीस दिवस गेले असतील. रविवारची सकाळ. मी हॉलमध्ये दाढी करत होतो. आतून आईची हाक आली, ''अरे, जरा इकडे ये.'' मी तोंडाला फेस तसाच घेऊन धावलो. ती कॉटच्या कडेला उभी होती आणि भिंतीकडे बोट दाखवत होती. निळसर पांढऱ्या रंगातून, अगदी फिका, पण त्याच जागी, त्याच उंचीवर, ताटलीएवढा पिवळट गोल वर आला होता.

''आले बघ,'' आई म्हणाली.

मी काही बोलणार तोच ती पुढे म्हणाली, ''आयुष्यात कधी माझं ऐकलं नाही. आता काय ऐकणार!'' तिच्या आवाजात तक्रार होती. तक्रार मी बँकेत रोज ऐकतो, मला ती ओळखता येते. ही त्या जातीची नव्हती.

मी गुन्हेगाराच्या पावलानं फोन गाठला. मिस्त्री दुपारी येऊन गेले. एक शब्दही 'मी म्हटलं नव्हतं का' असा बोलले नाहीत, आणि हा मोठेपणा आमच्या लेखापरीक्षकांमध्येही मी पाहिलेला नाही. म्हणाले, ''अर्ध्या दिवसाचं काम हाय. धुतो, ऑइल प्रायमर मारतो, वाळला की वरून दोन हात. परत यायचा न्हाई.''

''परत यायचा नाही ना? नक्की?'' मी विचारलं.

''नक्की.''

आई मागून म्हणाली, ''नको.''

आम्ही सगळे वळलो. ती जराशी गडबडली. मग म्हणाली, ''ऑइल पेंटच्या वासानं माझं डोकं चढतं. थंडीत खिडक्याही उघड्या ठेवता येत नाहीत. पुढं बघू उन्हाळ्यात.'' आणि मिस्त्रींना म्हणाली, ''चहा घेऊन जा हो.'' मिस्त्रींनी चहा घेतला, भिंतीकडे एकदा बघितलं, आईकडे एकदा बघितलं आणि फिरून आपला विषय काढला नाही.

उन्हाळा आला आणि गेला. कुणी बघितलं नाही.

आमच्या हिशेबात 'सस्पेन्स खातं' नावाची एक सोय असते. जी रक्कम कुठल्या खात्यात टाकायची ते उमगत नाही, ती तिथं तात्पुरती ठेवायची. नियम असा, की तिचा लवकरात लवकर निपटारा करावा. प्रत्यक्षात काही रकमा तिथं वर्षानुवर्षं बसतात आणि त्यांची सगळ्यांना इतकी सवय होते, की त्या गेल्या तरच चुकल्यासारखं वाटेल. माझ्या वहीत रंगाच्या खर्चाखाली मी ऑइल प्रायमरची वाचवलेली रक्कम तशीच वेगळी लिहून ठेवली आहे. तिचा निपटारा करायचा माझा विचार नाही. नोकरीत मी बरीच काटछाट केली, पण एवढी फायद्याची काटछाट माझ्या हातून दुसरी झालेली नाही.

परवा रविवारी हॉलमध्ये मुलांचा टीव्ही चालू होता म्हणून मी पेपर घेऊन आईच्या खोलीत गेलो आणि कॉटवर बसलो. पाठ भिंतीला, पाय लांब. मी काही तेल लावत नाही, आणि लावायला वरती फारसं उरलेलंही नाही. पहिलं पान वाचून झालं, दुसरं उलटलं, आणि मान कधी मागे गेली मला कळलंही नाही.

''डोकं टेकू नकोस रे भिंतीला!'' आई स्वयंपाकघरातून ओरडली. तिथून कॉट दिसत नाही.

हे वाक्य मी जन्मल्यापासून ऐकत आलोय. माझ्यासाठी म्हटलेलं ते पहिल्यांदाच ऐकलं. मी ''हो'' म्हटलं, आणि तिसरं पान उघडून तसाच बसून राहिलो.